हवालातीच्या वहीतली माणसं

राजाचा इतिहास लिहायला बखरी असतात, फर्मानं असतात, नाणी आणि शिलालेख असतात. गरिबाचा इतिहास कुठे शोधायचा? त्याने पत्रं लिहिलेली नसतात, कारण त्याला लिहिता येत नव्हतं. त्याच्या नावावर जमीन नसते, म्हणून सातबाराही नसतो. त्याचं नाव सापडलंच तर ते दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांत सापडतं. सावकाराच्या चोपडीत, जन्ममृत्यूच्या नोंदीत आणि पोलिसांच्या वहीत.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन्ही भाषांना जोडणारा शब्दांचा एक मोठा गठ्ठा थेट ठाण्यातून आणि कचेरीतून आला आहे. फिर्याद, पंचनामा, जामीन, मुचलका, कैद, हवालात, रोजनामचा. उर्दू न येणारा मराठी माणूसही हे शब्द रोज वापरतो. यातले बहुतेक शब्द कागदाशी बांधलेले आहेत. माणूस पकडला की त्याच्यामागे एक कागद तयार होतो, हे आपल्या भाषेलाही ठाऊक आहे.

या लेखात अशाच कागदांबद्दल सांगायचं आहे. ठिकाण मात्र दूरचं आहे, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ग्रामीण काउंट्या. अटकेच्या जुन्या नोंदी नीट वाचल्या तर काय हाती लागतं आणि निष्काळजीपणे वाचल्या तर किती अन्याय होतो, हे तिथल्या काही प्रकरणांतून जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

काउंटी आणि तिचा शेरीफ

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. आपला जिल्हा आणि तालुका यांच्यामधलं काहीतरी, असं समजायला हरकत नाही. बहुतेक काउंट्यांत पोलीस कारभाराचा प्रमुख म्हणजे शेरीफ. तो निवडणूक लढवून येतो आणि काउंटीचा तुरुंग सहसा त्याच्याच ताब्यात असतो. पकडलेल्या माणसाला तुरुंगात आणलं की त्याची नोंद होते. नाव, वय, वर्ण, आरोप, पकडणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ. आज त्यात फोटो आणि बोटांचे ठसे येतात. शंभर वर्षांपूर्वी जाड पुठ्ठ्याची एक वही असायची आणि शाईने भरलेले रकाने.

काउंटीचा तुरुंग आणि राज्याचा तुरुंग या वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याच्या तुरुंगात शिक्षा झालेले लोक असतात. काउंटीच्या तुरुंगात बहुतेक जण खटल्याची किंवा जामिनाची वाट पाहणारे, नाहीतर किरकोळ शिक्षा भोगणारे असतात. म्हणजे काउंटीच्या वहीत नाव असणं याचा अर्थ एवढाच, की या माणसाला पकडलं होतं. गुन्हा सिद्ध झाला की नाही, हे त्या पानावर लिहिलेलं असेलच असं नाही.

३० मार्च १९०८

अलाबामा राज्यात शेल्बी नावाची काउंटी आहे. कोलंबियाना हे तिचं मुख्य ठिकाण. ३० मार्च १९०८ रोजी तिथल्या शेरीफने ग्रीन कॉटनहॅम नावाच्या बावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला पकडलं. आरोप होता भटकेपणाचा. आपल्याला काम आहे हे त्या क्षणी सिद्ध करता न येणं, एवढाच तो गुन्हा.

तीन दिवस कोठडीत काढल्यावर त्याला काउंटीच्या न्यायाधीशासमोर उभं केलं. तीस दिवसांची सक्तमजुरी झाली. गोष्ट इथे संपली नाही. त्या काळी प्रत्येक कैद्यावर शुल्क लागायचं. शेरीफचं शुल्क, त्याच्या हाताखालच्या माणसाचं शुल्क, कोर्टाच्या कारकुनाचं शुल्क, साक्षीदारांचं शुल्क. ग्रीनकडे पैसे नव्हते. मग ती रक्कम अंगमेहनतीने फेडायची, असं ठरलं आणि तीस दिवसांचे जवळजवळ एक वर्ष झालं.

दुसऱ्याच दिवशी त्याला टेनेसी कोल, आयर्न अँड रेलरोड या कंपनीच्या हवाली करण्यात आलं. ही यू.एस. स्टील या महाकाय उद्योगाची उपकंपनी. तिने काउंटीला ग्रीनचे महिना बारा डॉलर द्यायचे, असा व्यवहार होता. बर्मिंगहॅम शहराच्या कडेला प्रॅट माइन्स नावाच्या कोळसा खाणी होत्या. त्यातल्या स्लोप नंबर १२ मध्ये त्याला उतरवलं. हजाराहून अधिक कृष्णवर्णीय कैदी तिथे राबत होते. ऑगस्टमध्ये ग्रीन मेला. त्या एका वर्षात त्याच खाणीत साठेक माणसं आजाराने, अपघाताने किंवा मारहाणीने मेली.

हे आपल्याला कळतं ते डग्लस ब्लॅकमन या पत्रकारामुळे. 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये काम करताना त्याने २००१ साली या कंपनीने वापरलेल्या कैदी मजुरांवर लेख लिहिला. पुढे कित्येक वर्षं तो दक्षिणेतल्या काउंट्यांच्या कचेऱ्यांत जुन्या वह्या चाळत राहिला. २००८ मध्ये त्याचं 'स्लेव्हरी बाय अनदर नेम' हे पुस्तक आलं आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. ग्रीन कॉटनहॅम त्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे, पण त्याचा स्वतःचा आवाज त्यात कुठेच नाही, कारण तो कुठेच उरलेला नाही. उरलेल्या आहेत त्या त्याला पकडणाऱ्यांच्या, विकणाऱ्यांच्या आणि राबवणाऱ्यांच्या नोंदी.

ही वही ठेवणाऱ्याने ती इतिहासासाठी ठेवलेली नव्हती. कुणाकडून किती येणं आहे, कुणाचे किती दिवस उरलेत, कोणता कैदी कुणाला दिला, याचा तो हिशोब होता. हिशोबाचा कागद म्हणून तो जपला गेला. आज त्याच हिशोबातून गुन्हा दिसतो, आणि तो ग्रीनचा नाही.

मागच्या दाराने आलेली गुलामी

१८६५ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि गुलामगिरी संपली. पण त्या दुरुस्तीत एक अपवाद ठेवला होता. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं श्रम करून घ्यायला मुभा होती. त्याच वर्षी मिसिसिपीने, आणि पाठोपाठ इतर दक्षिणी राज्यांनी, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना बांधून ठेवणारे कायदे केले. बेकार फिरणं हा गुन्हा ठरवला. गुन्हेगार ठरवला की माणूस भाड्याने देता येतो. शेरीफची कमाई पगाराऐवजी शुल्कांवर अवलंबून, म्हणजे जितक्या अटका तितकी मिळकत. काउंटीला उत्पन्न, कंपनीला स्वस्त मजूर. नुकसान फक्त पकडल्या जाणाऱ्याचं.

इथे महाराष्ट्राचा एक धागा येतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं. हे पुस्तक त्यांनी अर्पण केलं आहे ते अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जन लोकांना. पुण्यातल्या एका माणसाने सातासमुद्रापारच्या मुक्तीचा आनंद आपला मानला, ही आपल्या भाषेतली अभिमानाची गोष्ट आहे. मात्र फुले ते पान लिहीत होते त्याच काळात त्या मुक्त झालेल्या माणसांची मुलं दक्षिणेत कैदी म्हणून भाड्याने दिली जात होती. ही बातमी पुण्यापर्यंत कशी पोचणार? ती तर काउंटीच्या वहीत बंद होती.

अलाबामात ही पद्धत १९२८ पर्यंत चालली. मधल्या काळात, ८ एप्रिल १९११ रोजी, बॅनर नावाच्या खाणीत स्फोट होऊन १२८ माणसं मेली. त्यातले बहुतेक भाड्याने दिलेले कृष्णवर्णीय कैदी होते. तुरुंगाची वही नसती तर त्यांना कुणी कोळशाच्या धुरात पाठवलं आणि कोणत्या कारणासाठी, हे विचारायलाही आधार उरला नसता.

जी वही खोटं बोलते

आता दुसरी काउंटी. मिसिसिपीतलं विनोना हे छोटं गाव. ९ जून १९६३ रोजी मतदार नोंदणीच्या प्रशिक्षणाहून परतणारे काही कृष्णवर्णीय कार्यकर्ते बसने तिथे पोचले. त्यात फॅनी लू हेमर होत्या, कापसाच्या मळ्यात आयुष्य घालवलेली पंचेचाळीस वर्षांची बाई. बसथांब्यावरच्या उपाहारगृहात काही जण गेले म्हणून पोलिसांनी अटक केली. हेमर बसमधून उतरल्या, त्यांनाही पकडलं. आरोप होता बेशिस्त वर्तन आणि अटकेला विरोध.

काउंटीच्या तुरुंगात गोऱ्या अधिकाऱ्यांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांना हुकूम देऊन हेमर यांना चामडी सोट्याने मारायला लावलं. त्या मारहाणीत त्यांच्या मूत्रपिंडाला झालेली इजा आयुष्यभर राहिली. १२ जूनला सगळ्यांची सुटका झाली. पुढे त्या अधिकाऱ्यांवर खटला चालला आणि डिसेंबरमध्ये गोऱ्या ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं.

त्या अटकेचा कागद पाहणाऱ्याला काय दिसेल? एका बाईने दंगा केला आणि पोलिसांना विरोध केला. मारहाणीसाठी त्या कागदावर रकानाच नाही. २२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात हेमर यांनी टेलिव्हिजनसमोर विनोनाची हकिकत स्वतः सांगितली. आज ती साक्ष जगाला माहीत आहे आणि त्या आरोपाचा अर्थ उलटा झाला आहे. पण हेमर यांच्यासारखी साक्ष देण्याची संधी न मिळालेल्या किती जणांच्या नावापुढे तोच आरोप अजून तसाच उभा असेल?

मिसिसिपीतल्याच नेशोबा काउंटीत २१ जून १९६४ रोजी जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर या तीन तरुण कार्यकर्त्यांना वेगाने गाडी चालवल्याच्या आरोपावरून पकडलं. रात्री साडेदहाच्या सुमारास दंड घेऊन त्यांना सोडलं. कागदोपत्री सगळं बरोबर, अटक झाली, दंड भरला, सुटका झाली. बाहेर त्यांचे मारेकरी वाट पाहत होते. ४ ऑगस्टला मातीच्या धरणाखाली तिघांचे मृतदेह सापडले. ज्याने त्यांना पकडलं होतं तो डेप्युटी शेरीफ सेसिल प्राइस १९६७ मध्ये या कटात दोषी ठरला.

जिथे वहीच नाही

विनोनाला वही निदान होती. जॉर्जिया राज्यात १९६३ च्या उन्हाळ्यात अमेरिकस या गावी वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या शाळकरी मुलींना पकडण्यात आलं. त्यातल्या कित्येक जणी बारा ते पंधरा वर्षांच्या. त्यांना शेजारच्या ली काउंटीत, लीसबर्गजवळच्या एका जुन्या बंदिगृहात आठवडेच्या आठवडे कोंडलं. ना आरोप, ना खटला. मुली कुठे आहेत हे आईवडिलांनाही सांगितलं नव्हतं. फरशीवर झोपायचं, तुंबलेला संडास, गळका नळ.

अटकेची रीतसर नोंद नसेल तर माणूस शोधायचा कसा? नागरी हक्क चळवळीचा छायाचित्रकार डॅनी लायन लपत तिथे पोचला आणि त्याने खिडकीच्या गजांमधून त्या मुलींचे फोटो काढले. ते फोटो बाहेर आले, वॉशिंग्टनपर्यंत गेले आणि मुली सुटल्या. पोलिसांनी न ठेवलेली नोंद एका कॅमेऱ्याने ठेवली.

म्हणून मला वाटतं, हवालातीच्या वहीला दोन्ही बाजूंनी प्रश्न विचारले पाहिजेत. जे लिहिलं ते कुणी लिहिलं आणि त्यात त्याचा फायदा काय? आणि जे लिहिलं नाही ते का लिहिलं नाही?

शोधायचं कसं

आज एखाद्या ग्रामीण काउंटीतली अटकेची नोंद शोधायची असेल तर पहिली पायरी शेरीफची कचेरी. अनेक ठिकाणी सध्या तुरुंगात असलेल्यांची यादी संकेतस्थळावर लावलेली असते. लहान काउंटीत तेही नसतं. फोन करावा लागतो किंवा खिडकीवर जावं लागतं. ही यादी बहुधा आजची असते, माणूस सुटला की नाव निघून जातं. प्रत्येक राज्याचा सार्वजनिक नोंदींचा कायदा वेगळा आहे. केंद्र सरकारचा १९६६ चा माहितीचा कायदा फक्त केंद्रीय खात्यांना लागू आहे, काउंटीच्या शेरीफला तो लागत नाही.

दुसरी पायरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, कोर्टाच्या कारकुनाची कचेरी. पुढे काय झालं, आरोप मागे घेतला, माणूस सुटला की शिक्षा झाली, हे तिथल्या खटल्याच्या कागदांत असतं. अटकेची नोंद वाचून जो थांबतो त्याने गोष्ट पहिल्याच पानावर मिटली.

जुनं काही हवं असेल तर राज्याच्या अभिलेखागारात जायचं. अलाबामाचं अभिलेखागार १९०१ सालचं आहे. राज्याने चालवलेलं ते अमेरिकेतलं पहिलं. जनगणनाही उपयोगी पडते. मोजणीच्या वेळी जो तुरुंगात असेल त्याची गणना तिथेच होते. १८८० च्या जनगणनेत तर कैद्यांसाठी वेगळे तक्ते होते. जनगणनेतली व्यक्तिगत माहिती ७२ वर्षांनी खुली होते, म्हणून १९५० ची पानं २०२२ मध्ये वाचायला मिळाली.

अडचण येते ती नावांची. गुलाम केलेल्यांच्या कुटुंबांना बऱ्याचदा मालकाचंच आडनाव चिकटलं आणि कारकुनाने ते कानाला पडलं तसं लिहिलं. कॉटनहॅम हेच आडनाव कागदोपत्री वेगवेगळ्या रूपांत सापडतं. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज नाही. रहमान, रेहमान, रहिमान ही एकाच मुलाची तीन नावं तीन दाखल्यांवर असतात आणि ती एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करण्यात त्याचं अर्धं आयुष्य जातं. शाळेत प्रवेशाचा अर्ज भरताना मी म्हणूनच पालकांना नाव दोनदा वाचून दाखवतो.

मेलेल्यांची नोंद, जिवंतांची नोंद

ग्रीन कॉटनहॅमची नोंद शोधणं हा न्याय आहे. आज जिवंत असलेल्या माणसाची नोंद उकरणं मात्र नेहमीच न्याय असतो असं नाही. अमेरिकेत अटकेच्या वेळचे फोटो गोळा करून ते सगळ्यांना दिसतील असे लावायचे आणि काढून टाकण्यासाठी त्याच माणसाकडून पैसे मागायचे, असा धंदाच उभा राहिला. आरोप मागे घेतला गेला तरी फोटो तसाच. नोकरी देणारा, घर भाड्याने देणारा तो पाहतो. अखेर राज्यांना याविरुद्ध कायदे करावे लागले. जॉर्जियाने २०१३ मध्ये केला. भटकेपणाचे ते मोघम कायदेही १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहराच्या खटल्यात घटनाबाह्य ठरवले. ग्रीनला जाऊन तोवर चौसष्ट वर्षं झाली होती.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांनी केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. जन्माला आलेल्या मुलाचं नाव आधीच पोलिसांच्या वहीच्या वाटेवर. हजेरी, परवाना, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, तरी संशयाची वही अजून मिटलेली नाही, हे कुठल्याही पारधी कुटुंबाला विचारा.

आणि आपल्याच घरातलं उदाहरण. २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोटानंतर नऊ मुस्लिमांना अटक झाली. पाच वर्षं तुरुंगात गेल्यावर जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. नऊपैकी एक जण तो दिवस पाहायला उरला नव्हता. अटकेची बातमी पहिल्या पानावर होती. दोषमुक्तीची बातमी किती जणांनी वाचली?

राज्यघटनेचं बाविसावं कलम सांगतं की अटक केलेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर न्यायला हवं. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा कागद करणं, त्यावर साक्षीदाराची सही घेणं, घरच्यांना कळवणं आणि त्याची नोंद ठेवणं बंधनकारक केलं. पकडलेल्यांची नावं जिल्ह्यात उघडपणे लावावीत, अशीही तरतूद कायद्यात आहे. लीसबर्गच्या मुलींची गोष्ट वाचल्यावर या तरतुदी कशासाठी आहेत ते समजतं. आपल्या ओळखीत कुणाला पोलिसांनी नेलं तर आधी घाबरून वकील आणि पुढारी शोधले जातात. त्याआधी एक साधी गोष्ट विचारावी. नोंद झाली का, किती वाजता झाली, कुठल्या आरोपाखाली झाली? उत्तर लिहून ठेवावं, तारीख आणि वेळेसह. सुटका झाली तर तिचाही कागद मागून घ्यावा आणि जन्मदाखल्याशेजारी जपून ठेवावा.

शेल्बी काउंटीच्या कारकुनाला माहीत नव्हतं की आपण लिहिलेली ओळ शंभर वर्षांनी कुणी वाचेल आणि दोष त्याच्या मालकांच्या पदरात टाकेल. आपल्या माणसांच्या नोंदी वाचणारा कुणी पुढे येईपर्यंत त्यातला खरा भाग आपणच लिहून ठेवला पाहिजे. घरात वही असतेच. किराणाचा हिशोब लिहितो, त्यातलं एक पान यालाही द्यायला काय हरकत आहे?